सोसायटीचा विमा, स्वतःचा विमा की दोन्ही? महागाईत फ्लॅटमालकाचा हिशेब

विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली की कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, यंदा हप्ता एवढा कसा वाढला? मग कुणीतरी तोडगा सुचवतं: विमा रक्कम गेल्या वर्षीचीच ठेवू, हप्ता आवाक्यात राहील. बांधकामाचा खर्च दरवर्षी चढत असताना घराच्या विम्यात याहून महागात पडणारा निर्णय नाही. सोसायटीची पॉलिसी पुरेशी आहे का, स्वतःची वेगळी घ्यावी का, एक वर्षाची की दहा वर्षांची, हे सगळं त्यानंतर ठरवायचं.

हप्ता ठरतो तीन गोष्टींवर: विमा रक्कम, तिच्यावरचा दर हजारी दर आणि वर 18 टक्के जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण घराच्या विम्यावरचा तसाच आहे. दर आपल्या हातात फारसा नसतो. विमा कंपन्या स्वतःची जोखीम पुनर्विमा कंपन्यांकडे उतरवतात आणि तिथला भाव वाढला की तो खाली झिरपतो. 2019 आणि 2020 मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने अनेक प्रकारच्या मालमत्तांच्या आगीच्या विम्याला किमान दराची अट घातली, तेव्हा हे उघड दिसलं. विमा रक्कम मात्र आपण ठरवतो, आणि चूक होते ती तिथेच.

एक उदाहरण घेऊ. 40 फ्लॅटची इमारत, एकूण बांधकाम 3,000 चौरस मीटर. पाच वर्षांपूर्वी चौरस मीटरला 24,000 रुपये धरून विमा रक्कम 7.2 कोटी ठेवली. आज तीच इमारत उभी करायला 32,000 रुपये धरले तर 9.6 कोटी लागतात. म्हणजे विमा 75 टक्क्यांचाच उरला. मीटर रूमला आग लागली, जिना आणि दोन मजल्यांचं वायरिंग गेलं, नुकसान 20 लाखांचं. पॉलिसीत अ‍ॅव्हरेजचा नियम असेल, म्हणजे विमा जेवढ्या टक्क्यांचा तेवढीच टक्के भरपाई, तर 20 लाखांचे 75 टक्के, म्हणजे 15 लाखच मिळतात. नुकसान मोजणारा सर्व्हेअर ते पूर्ण मान्य करतो, तरीही 5 लाख सभासदांच्या खिशातून जातात, दर घरामागे सरासरी 12,500. आता वाचवलेला हप्ता बघा. हिशेबासाठी दर हजारी 30 पैसे धरला तर 7.2 कोटींऐवजी 9.6 कोटींचा विमा काढायला वर्षाला 7,200 रुपये जास्त लागतात, जीएसटीसह 8,496. दर घरामागे वर्षाला 212 रुपये, महिन्याला 18 रुपयेसुद्धा नाहीत.

सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला म्हणून बांधकामाचा दर खाली धरायचा मोह टाळा. मजुरी, सळई, वाळू, लिफ्ट, प्लंबिंग यांचा वाटा मोठा असतो. त्यात राडारोडा उचलण्याचा आणि आर्किटेक्टच्या फीचा खर्च वेगळा येतो.

आता दोन पॉलिसी शेजारी ठेवून बघू.

सोसायटीची पॉलिसी इमारतीचं शरीर धरते: खांब, स्लॅब, बाहेरच्या भिंती, जिने, गच्ची, टाक्या. तुमच्या घरातला फ्रिज, कपडे, सोफा, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग यांच्याशी तिचा बहुधा संबंध नसतो. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे विम्याचा खर्च फ्लॅटच्या बिल्टअप क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचा असतो. तळमजल्यावरच्या दुकानात विशिष्ट माल साठवल्यामुळे कंपनीने जादा हप्ता मागितला तर तो भार त्या गाळेधारकांवर पडतो, सगळ्या घरांवर नाही. हे अनेक कमिट्यांना ठाऊकच नसतं आणि केमिकलच्या किंवा फटाक्यांच्या दुकानाचा बोजा घरवाले वर्षानुवर्षं उचलतात.

या पॉलिसीचं शेड्युल, म्हणजे कशाचा किती विमा आहे याचा तक्ता, नीट वाचा. कंपाउंड वॉल, वॉचमनची केबिन, जमिनीखालची टाकी, पंप, सोलर पॅनेल, लिफ्ट यांची नावं तिथे स्वतंत्रपणे लिहिलेली हवीत. पावसाळ्यात सगळ्यात आधी कोसळते ती कंपाउंड वॉल, आणि नेमकी तीच यादीत नसते. लिफ्टची मोटर आगीत जळाली तर एक गोष्ट, पण नुसत्या विद्युत बिघाडाने बंद पडली तर ते मशिनरी ब्रेकडाउन, त्याला वेगळं कव्हर लागतं.

स्वतःची पॉलिसी म्हणजे बहुतेकांसाठी भारत गृह रक्षा. आयआरडीएआय या विमा नियामकाने ठरवून दिलेली ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना विकावी लागते आणि तिचा मूळ मजकूर सगळीकडे सारखा असतो. त्यामुळे कंपन्यांची तुलना दरावर आणि क्लेमच्या सेवेवर करता येते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात मुळातच आहे. इमारतीची विमा रक्कम काढायची रीत सोपी: कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये गुणिले बांधकामाचा आजचा दर. 650 चौरस फुटांचा फ्लॅट म्हणजे सुमारे 60 चौरस मीटर, 32,000 च्या दराने 19.2 लाख. बाजारात फ्लॅट सव्वा कोटीचा असला तरी त्यात जमिनीचा भाव धरलेला असतो आणि जमीन जळत नाही.

इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख, एवढं घरसामान यादी न देता आपोआप धरलं जातं. सामान त्याहून जास्तीचं असेल तर जाहीर करून रक्कम वाढवा. दागिने हवे असतील तर ते स्वतंत्रपणे निवडावे लागतात. सगळ्यात मोठा फायदा असा की या पॉलिसीत अ‍ॅव्हरेजचा नियम माफ आहे. रक्कम थोडी कमी पडली तरी छोट्या नुकसानीला कात्री लागत नाही. पूर्ण घर गेलं तर मात्र मिळतं ते विमा रकमेइतकंच, म्हणून माफी आहे म्हणून रक्कम मुद्दाम कमी ठेवू नका.

चोरीबाबत गैरसमज फार आहे. गृह रक्षेत चोरी धरली जाते ती आग, पूर अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी बर्गलरीचं वेगळं कव्हर हवं. आणि बाथरूममधून झिरपणारं पाणी, भिंतीला आलेली ओल, गंजलेल्या सळईमुळे पडलेलं प्लास्टर हे कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. ती झीज आहे. तिच्यासाठी सोसायटीचा दुरुस्ती व देखभाल निधी असतो, उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरसाल.

मग घ्यायचं काय? सोसायटीची पॉलिसी आजच्या दराने पूर्ण रकमेची असेल तर स्वतःसाठी फक्त घरसामानाचं कव्हर घ्या. इमारतीचा विमा दोनदा काढून पैसे दोनदा मिळत नाहीत. दोन्ही कंपन्या मिळून एकदाच भरपाई देतात. सोसायटीची पॉलिसी नसेल किंवा तोकडी असेल तर स्वतःची इमारत आणि सामान दोन्हींची घ्या, पण सर्वसाधारण सभेत सोसायटीचा विमा मांडत राहा. तुमच्या एकट्याच्या 19 लाखांनी शेजाऱ्याच्या फ्लॅटखालचे खांब उभे राहत नाहीत. म्हणून आधी सोसायटी, मग घर, असाच क्रम धरावा.

सोसायटीच्या पॉलिसीचं वर्डिंग, म्हणजे तिच्या अटींचा मजकूर, कोणतं आहे हे शेड्युलच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं. गृह रक्षा असेल तर अ‍ॅव्हरेजची भीती नाही. खाली दुकानं असलेल्या इमारतींना किंवा पॅकेज पॉलिसींना वेगळं वर्डिंग असू शकतं. तिथे साधारण 15 टक्क्यांपर्यंतची तूट चालवून घेतात, त्यापुढे कात्री लागते. अशा पॉलिसीत भूकंप वेगळा जोडलेला आहे का आणि हप्ता कमी करायला पूर-वादळ वगळलंय का, हे तपासा. 2019 ला सांगली-कोल्हापूरने आणि जुलै 2021 ला चिपळूण-महाडने पाहिलेलं पाणी आठवत असेल तर पुराचं कव्हर काढून चार पैसे वाचवायला कुणी धजावणार नाही. कोयनेच्या पट्ट्यात भूकंपाचं तसंच.

मुदतीचं म्हणाल तर स्वतःच्या फ्लॅटसाठी दीर्घ मुदत सरस. गृह रक्षा 10 वर्षांपर्यंत मिळते, हप्ता एकदाच भरायचा, मध्ये दर वाढले तरी झळ नाही. शिवाय इमारतीची विमा रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा हप्ता न घेता, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत. महागाईवर एवढं स्वस्त औषध दुसरं नाही. घरसामानाची रक्कम अशी वाढत नाही, ती दोन-तीन वर्षांनी स्वतः वाढवून घ्या. दोन-तीन वर्षांत घर विकायचं असेल तर मात्र पॉलिसी मध्येच बंद केल्यास हप्ता किती परत मिळतो, हा नियम आधी विचारा.

कर्ज असेल तर बँकेने चिकटवलेला कागद एकदा उघडून बघा. कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा विमा आणि घराचा विमा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याच घरांत पहिला असतो, दुसरा नसतो. हप्ता कर्जात मिळवला असेल तर त्यावर व्याजही चालू असतं.

पुनर्विकास ठरलेल्या सोसायट्यांत “आता पाडायचीच आहे” म्हणून विमा बंद करतात. लोक राहत असेपर्यंत आग, पूर, भूकंप कराराची वाट बघत नाहीत. इमारत रिकामी झाली की कंपनीला लेखी कळवा, कारण रिकाम्या इमारतीची जोखीम वेगळी मोजली जाते.

नूतनीकरणाच्या निदान महिनाभर आधी आर्किटेक्टकडून बांधकाम खर्चाचा एक पानी दाखला घ्या, त्यावरून विमा रक्कम ठरवा आणि दोन-तीन कंपन्यांकडून एकाच रकमेवर, एकाच धोक्यांच्या यादीवर दरपत्रक मागवा. कमिटी बदलण्याच्या काळात पॉलिसी संपत असेल तर जुन्या कमिटीनेच हप्ता भरून ठेवावा.