फेल्टच्या हातशिवणीचे आठ महिने: काय टिकले आणि काय पिंजारले

गेल्या आठ महिन्यांत मी फेल्टच्या, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत गुंतवून केलेल्या कापडाच्या, सत्तावीस लहान वस्तू हाताने शिवल्या. त्यांत पिनकुशन, सुया ठेवण्याची पुस्तिका, चष्म्याची घरे, कात्रीचे म्यान, वाचनखुणा, की-चेन आणि बोटांवर चढवायच्या बाहुल्या आहेत. यांपैकी बहुतेक वस्तू रोज हाताळल्या जातात, पिशवीत घासल्या जातात आणि काही तर भाचीच्या तोंडातही जातात. त्यामुळे हा अनुभव शिवून झाल्यानंतर त्या वस्तूंचे काय झाले, याविषयीचा अधिक आहे. पहिल्या दिवशी सगळेच फेल्ट सुंदर दिसते. फरक तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतो.

फेल्ट विणलेले नसते, त्याला ताणा नाही आणि बाणाही नाही, हे मला वाचून ठाऊक होते. पण त्याचा अर्थ वापरातून कळला. लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि रगडणे मिळाले की हे तंतू एकमेकांत शिरतात, अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कृत्रिम तंतूंना असे खवले नसल्यामुळे त्यांचा थर कारखान्यात काटेरी सुयांनी वरखाली टोचून गुंतवला जातो. दोन्ही प्रकारांत कापलेली कड उसवत नाही, ती दुमडून शिवावी लागत नाही आणि लहान वस्तूचा नमुना कापडावर आडवा ठेवला काय किंवा तिरपा ठेवला काय, फारसे बिघडत नाही. घरी फावल्या वेळात शिवणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. मात्र याच रचनेची दुसरी बाजू अशी की ओढ पेलायला आत सलग धागाच नसतो. जिथे ताण येतो तिथे फेल्ट एकदम फाटत नाही. ते हळूहळू लांबते, पातळ होते आणि तंतू सोडू लागते. माझ्या जवळजवळ प्रत्येक फसलेल्या वस्तूचे कारण शोधत गेल्यावर मी याच एका गोष्टीपाशी येऊन पोहोचले.

मी तीन प्रकार वापरले: पातळ पॉलिएस्टर फेल्ट, लोकर आणि रेयॉन यांचे मिश्रण, आणि ३ मिलिमीटर जाडीचे शुद्ध लोकरीचे फेल्ट. यांची खरी तुलना चष्म्याच्या घरावर झाली, कारण एकाच मापाची तीन घरे मी तीन प्रकारांत शिवली आणि आळीपाळीने न वापरता प्रत्येक घर सलग वापरले. पॉलिएस्टरच्या घरावर तिसऱ्याच आठवड्यात बारीक गोळे आले. ते कात्रीने काढले की पृष्ठभाग स्वच्छ दिसायचा, पण प्रत्येक वेळी कापड थोडे विरळ व्हायचे, आणि अखेरीस उजेडाकडे धरल्यावर पलीकडचे दिसू लागले. तोंडापाशी, म्हणजे जिथे बोट घालून आपण घर उघडतो तिथे, कड लाटेसारखी सैल झाली. मिश्र फेल्टचे घर तीन महिने वापरले. त्याच्या फक्त खालच्या दोन कोपऱ्यांवर लव उठली, बाकीचे अंग घट्ट राहिले. शुद्ध लोकरीचे जाड घर आजही वापरात आहे आणि त्याने आकार सोडलेला नाही. तरीही सगळ्या कामांसाठी मी जाड लोकर घेणार नाही, कारण ३ मिलिमीटरच्या दोन थरांतून सुई काढताना अर्ध्या तासात बोटे दुखतात आणि इतक्या जाड फेल्टमध्ये बाहुलीच्या कानासारखा लहान गोलावा नीट वळतच नाही.

माझा हात बहुतेक वेळा १ ते सव्वा मिलिमीटर जाडीच्या मिश्र फेल्टकडेच वळतो. पॉलिएस्टर मी भिंतीवरच्या माळा, सजावटीची पाने आणि नमुन्याची पहिली चाचणी यांसाठी ठेवले आहे, आणि तिथे ते चोख काम करते. विकत घेताना मी आता तुकडा उजेडासमोर धरून पाहते. ढगाळ ठिपके दिसले, म्हणजे काही जागा दाट आणि काही विरळ असल्या, तर तो तुकडा टिकणार नाही असे समजते. अंगठ्याने जोरात पाच-सात वेळा घासल्यावर लगेच लव उठत असेल तरीही घेत नाही. सुरुवातीला मी कापलेल्या तुकड्यांचा एक तयार संच आणला होता. त्यातील फेल्ट खळ दिल्यासारखे कडक होते. शिवेपर्यंत छान वाटले, पण ओलसर फडक्याने पुसताच कडकपणा गेला आणि मागे लिबलिबीत कापड उरले. दोऱ्याची लांबीही अपुरी होती. टाके शिकण्यासाठी असा संच पुरेसा आहे, पण रोज वापरायची वस्तू त्यातून निघणार नाही.

इस्त्रीविषयी मात्र स्पष्ट इशारा द्यायला हवा. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पण त्याच्या पुष्कळ आधी ते मऊ होऊन चिकटू लागते. सुती कापडासाठी तापवलेली इस्त्री मी एका पानावर क्षणभर टेकवली, तर ते आक्रसले आणि वर चकचकीत कडक डाग पडला, जो कशानेही गेला नाही. मिश्र आणि लोकरी फेल्टला मध्यम आचेची इस्त्री मधे ओलसर सुती कापड ठेवून चालते. तीही फिरवायची नाही, दाबायची आणि उचलायची. फिरवली की फेल्ट ताणले जाते.

दोरा म्हणून मी भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा वापरते. सहाही पदर एकदम ओवले तर टाका दोरखंडासारखा जाड दिसतो आणि सुईने केलेले छिद्र मोठे होते. विणलेल्या कापडातले धागे पुन्हा जवळ येऊन छिद्र बुजवतात, तसे इतक्या मोठ्या छिद्राचे इथे होत नाही. सव्वा मिलिमीटरपर्यंतच्या फेल्टला दोन पदर आणि जाड फेल्टला तीन, हे प्रमाण मला योग्य वाटते. पदर एकेक करून ओढून काढावेत आणि मग एकत्र जुळवावेत, म्हणजे त्यांचा पीळ मोकळा होतो व टाका सपाट बसतो. दोऱ्याची लांबी ४५ सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नये. लांब दोरा वेळ वाचवेल असे वाटते, पण फेल्टमधून शंभर वेळा ओढला गेल्यावर शेवटचा भाग पिंजून निघतो आणि त्याच्या गाठी बसतात. सुई टोकदार, भरतकामाची हवी. ७ किंवा ८ क्रमांकाची मला सोयीची पडते. या सुयांत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवीन व्यक्तीने लक्षात ठेवावे.

टाक्यांमध्ये धावदोरा दिसायला गोड असला तरी ज्या शिवणीवर ओढ येणार तिथे तो भरवशाचा नाही. कात्रीच्या म्यानाची बाजू मी धावदोऱ्याने शिवली होती. दोन महिन्यांत टाक्यांमधले फेल्ट फुगून आले आणि कात्रीचे टोक बाजूने डोकावू लागले. उसवून तीच बाजू उलट्या टिपेने शिवली आणि तेव्हापासून ती हललेली नाही. कडेसाठी ब्लँकेट टाका सर्वोत्तम, कारण तो दोन्ही थरांना धरतो आणि कडेवर दोऱ्याची एक सलग रेघ बसवतो, म्हणजे फेल्टमध्ये जो धागा मुळात नसतो तो आपण बाहेरून पुरवतो. दोन टाक्यांतील अंतर आणि टाक्याची खोली दोन्ही ३ मिलिमीटर ठेवल्यास १० सेंटिमीटर कडेला ३५ ते ४० सेंटिमीटर दोरा लागतो. हा हिशेब आधी केला की कोपऱ्याच्या अलीकडे दोरा संपण्याची वेळ येत नाही. टाका ओढताना कड सुरकुतली तर हात सैल करावा. सुरुवातीच्या वाचनखुणांच्या कडा माझ्या घट्ट हातामुळे आजही वाकड्या आहेत आणि वजनाखाली ठेवूनही त्या सरळ झाल्या नाहीत.

नमुना उतरवण्यात माझा सर्वाधिक वेळ वाया गेला. गडद फेल्टवर पेन्सिल दिसत नाही, खडूची रेघ हात लागताच पुसते, आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणेवर चुकून इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते. यावर दोन साधे उपाय सापडले. बाहेरचा आकार कापायचा असेल तर कागदी नमुना फेल्टवर ठेवून त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी लावते आणि कागद, पट्टी व फेल्ट एकत्रच कापते. टाचण्यांमुळे होणारे उंचवटे टळतात आणि सेंटिमीटरभराचे पानसुद्धा अचूक निघते. लोकरी फेल्टवरून पट्टी मात्र हलक्या हाताने, फेल्टशी समांतर ओढून काढावी, नाहीतर लव उपटली जाते. आत भरतकाम करायचे असेल तर बटर पेपरवर चित्र काढून तो फेल्टवर कच्च्या टाक्यांनी बसवते, दोन्हींतून भरतकाम करते आणि नंतर कागद फाडून काढते. डोळ्यांच्या गाठींखाली अडकलेले कागदाचे कण चिमट्याने काढावे लागतात, एवढाच त्रास. कात्री लहान आणि पात्यांच्या टोकापर्यंत धारदार असावी आणि गोलावा कापताना कात्री स्थिर ठेवून फेल्ट फिरवावे. दोन थर एकत्र कापण्याचा मोह टाळावा, कारण खालचा थर सरकतो आणि दोन बाजू कधीच जुळत नाहीत.

सरस किंवा कापडाचा डिंक मी तीन वस्तूंवर वापरून सोडून दिला. तो आत झिरपतो, वाळल्यावर काळपट आणि कडक होतो आणि त्या जागेतून सुई जात नाही.

भरीव वस्तूंमध्ये पिनकुशन माझे सर्वांत आवडते. १८७९मध्ये जर्मनीतील गींगेन येथील मार्गारेटे श्टाइफ यांनी एका नियतकालिकातील नमुन्यावरून फेल्टचा छोटा हत्ती शिवला, तोही पिनकुशन म्हणून. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांचे पाय अधू होते आणि उजव्या हातातही पुरेसे बळ नव्हते. मुलांनी त्या हत्तीला खेळणे करून टाकले आणि त्यातून पुढे खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. मी हत्तीचाच आकार घेतला आणि त्यात भरण कसे असावे हे शिकले. फायबरचा कापूस एकदम कोंबला की पोट ताणले जाते, टाक्यांमधून पांढरे दिसते आणि पाय वाकडे होतात. बोराएवढे तुकडे करून, आधी पाय, सोंड आणि कोपरे भरावेत आणि मग पोट. विणकामाच्या सुईचे बोथट टोक यासाठी उत्तम. पिनकुशनमध्ये निव्वळ फायबर हलके पडते आणि टाचणी टोचताना ते जागेवरून सरकते, म्हणून मी उरलेल्या फेल्टचे बारीक कातरण आत भरले. त्याला वजन आले, टाचणी घट्ट बसू लागली आणि कातरणाचाही प्रश्न मिटला. सहा महिन्यांनंतरही हत्तीच्या पाठीवर टोचल्याच्या खुणा दिसत नाहीत, कारण टाचणीचे छिद्र बारीक असते आणि ती काढल्यावर लोकरीचे तंतू जवळजवळ पूर्ण मिटतात.

भाचीसाठी केलेल्या बाहुल्यांच्या डोळ्यांना मी मणी किंवा बटणे लावली नाहीत. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुटणारा लहान भाग देणे धोक्याचे आहे, आणि फेल्टवर शिवलेले बटण ओढले गेले की दोरा शाबूत राहूनही त्याच्याभोवतीचे फेल्टच सैल होऊ शकते. भरलेले डोळे तिने चावले, चोखले, तरी जागेवर आहेत. या बाहुल्या मी थंड पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता दाबून धुते आणि टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपते. गरम पाणी आणि चोळणे म्हणजे फेल्ट बनवण्याचीच प्रक्रिया पुन्हा सुरू करणे. एक मिश्र फेल्टची बाहुली तशी धुतली गेली आणि ती बोटात जाईना. तेव्हापासून धुवायच्या वस्तूंचे फेल्ट मी कापण्याआधीच कोमट पाण्यात भिजवून सपाट वाळवते. माझा ३० सेंटिमीटरचा तुकडा साडेअठ्ठावीसचा झाला आणि लाल तुकड्याने पाण्यात भरपूर रंगही सोडला, जो नाहीतर पांढऱ्या ससुल्यावर उतरला असता.

लोकरीच्या वस्तू दीर्घकाळ ठेवायच्या असतील तर कसर या किडीकडे लक्ष हवे, कारण तिच्या अळ्या लोकर खातात, पॉलिएस्टर खात नाहीत. अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथे गोठलेल्या थडग्यांतून निघालेले, आत भरण घातलेले फेल्टचे हंस दोन हजारांहून अधिक वर्षे टिकले आणि आज रशियातील हर्मिटाज संग्रहालयात आहेत. त्यांना बर्फाने राखले. घरात ते काम महिन्यातून एकदा वस्तू झटकून उन्हात थोडा वेळ ठेवणे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे यांनी होते. फार वेळ ऊन दिले तर रंग विटतो.

सर्वांत वाईट अनुभव की-चेनचा आहे. चार केल्या आणि चारही पहिल्या रूपात टिकल्या नाहीत. कडी अडकवण्याचे छिद्र किल्ल्यांच्या वजनाने पाच आठवड्यांत लांबट झाले आणि एकदा कडी सुटून किल्ल्या पडल्या. छिद्राभोवती दाट काजटाके घातल्यावर ते अधिक टिकले, पण ताण फक्त थोडा मागे सरकला. आता मी कडी थेट फेल्टमध्ये अडकवतच नाही. विणलेल्या सुती फितीचा फास करते, त्याची टोके दोन थरांमध्ये ३ सेंटिमीटर आत नेते आणि चौकोनी टीप घालून बसवते, म्हणजे वजन फीत पेलते आणि फेल्ट केवळ अंग होऊन राहते. या पद्धतीची पहिली की-चेन दहा आठवडे झाली वापरात आहे. मिश्र फेल्टच्या चष्म्याच्या घराचे लव उठलेले कोपरेही मी मागच्या आठवड्यात दुरुस्त केले: त्याच फेल्टची दोन अर्धगोल ठिगळे, कड न दुमडता, ब्लँकेट टाक्याने. घर पुन्हा पिशवीत गेले आहे.