लॅब्राडूडल घेताय? "१०० टक्के अ‍ॅलर्जी-फ्री" म्हणणाऱ्यापासून सांभाळा

मेलबर्नमधल्या मंडळींनो, घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर हे वाचाच. नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आणि लेकीला कुत्रा हवाच, म्हणून आम्ही लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकरातला कुत्रा, शोधत होतो. जाहिरातवाल्याने छातीठोकपणे सांगितलं की पिल्लू एफवन-बी आहे म्हणजे पाऊण पूडल, केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होणारच नाही, गॅरंटी. नवऱ्याला आधी पिल्लाजवळ तासभर बसवून बघू म्हटलं तर दरवेळी नवीन कारण, कधी पिल्लाची आई आजारी, कधी घरात रंगकाम, आणि शेवटी पैसे भरल्यावर पिल्लू दिलं ते पेट्रोल पंपावर, गाडीच्या डिकीतून.

घरी आणल्यावर त्याच रात्री नवऱ्याचे डोळे सुजले, इन्हेलर काढावा लागला. पिल्लाच्या कानामागे नुसता हात फिरवला तरी बोटांना बारीक लव चिकटायची, सोफ्यावर थर. डीएनए टेस्ट केली तर पूडल अर्ध्याहून कमी! फोन केला तर नंबर बंद. व्हिक्टोरियात कुत्रा विकायच्या जाहिरातीत मायक्रोचिप नंबर आणि सोर्स नंबर (विकणाऱ्याला सरकारी नोंदणीत मिळणारा नंबर) द्यावाच लागतो, इथे सोर्स नंबर चालू होता पण दुसऱ्याच कुणाचा, त्यामुळे नुसता नंबर आहे यावर जाऊ नका, तो विकणाऱ्याचाच आहे का ते बघा.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या "गॅरंटी"चा. ही जात सुरू झाली ती इथेच, ऑस्ट्रेलियात. हवाईतल्या एका अंध बाईंना गाईड डॉग हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी, म्हणून १९८९ मध्ये गाईड डॉग संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडलची पिल्लं काढली. तीन पिल्लं झाली, त्यांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा त्या नवऱ्याला एकच चाललं, सुल्तान. सख्ख्या भावंडांत जर तीनातलं एकच चालतं तर हा माणूस न बघता कसली गॅरंटी देतो? कारण अ‍ॅलर्जी नुसत्या केसांची नसतेच, ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, केस कमी गळले तरी लाळ असतेच ना. कॉनरन यांनी स्वतः २०१९ मध्ये ही जात काढल्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, वाट्टेल तशी पिल्लं काढणाऱ्यांमुळे.

तेव्हा ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्यालाच त्याच पिल्लाबरोबर दोन-तीनदा बसवा, लाळ मनगटाला लागू द्या, घरी येऊन वाट बघा. जो ब्रीडर याला नाही म्हणेल त्याला एक डॉलरही देऊ नका. आणि मेसेजचे स्क्रीनशॉट, ट्रान्सफरची पावती जपून ठेवा, कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरियाकडे तक्रार करताना दोन्ही उपयोगी पडतं.