रोलर फ्रेम आणि स्टँड: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर (अर्धा रिव्ह्यू नॉबवरच आहे, आधीच सांगते)

भरतकामाचं कापड वर-खाली दोन दांड्यांवर गुंडाळून ताणून धरायची ही फ्रेम. लाकूड चांगलंय, पॉलिश चांगलंय, दांड्या सरळ आहेत, फोटोत दिसते तशीच आली, आणि तरीही मी सध्या या फ्रेमच्या नावाने बोटं मोडतेय. कारण सगळं कापड ज्या चार नॉबच्या जोरावर ताणलेलं राहतं ते चारही प्लॅस्टिकचे आहेत आणि त्यातल्या उजवीकडच्या खालच्याचे आटे गेले. म्हणजे नॉब फिरतो, फिरतच राहतो, आवळला काही जात नाही. मग दांडी सुटते, कापड ढिलं पडतं, आणि ढिल्या कापडावर घातलेली क्रॉस स्टिचची फुली बाकीच्यांपेक्षा फुगीर बसते. लांबून कुणाला कळणार नाही, पण मला कळतं ना. स्टँडसकट दोन हजार आठशे मोजले, आणि काम कशामुळे अडलं तर एवढ्याशा प्लॅस्टिकमुळे.

विकणाऱ्यांना कळवलं तर पहिला प्रश्न, अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का? अहो, नॉब वापरून वापरून झिजलाय, खोकं उघडतानाच्या व्हिडिओत काय दिसणार? मग म्हणे रिटर्नची मुदत संपली. मी म्हटलं मला रिटर्न करायचीच नाहीये, तिच्यावर कापड गुंडाळलेलंय, फक्त एक नॉब पाठवा, वर पैसेही देते. तर उत्तर आलं, "मॅम, स्पेअर पार्ट अव्हेलेबल नाही, नवीन फ्रेमवर दहा टक्क्यांचं कूपन देतो." चपलेचा अंगठा तुटला म्हणून आपण नवीन चप्पल घेतो का, चांभाराकडेच जातो ना. त्यानंतर फोनवर बराच वेळ वाद झाला, तो इथे लिहीत नाही, पण मी शेवटपर्यंत आवाज चढवला नाही याचं घरच्यांना अजून आश्चर्य वाटतंय.

आता फ्रेम घेतली कशाला ते. मी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा क्रॉस स्टिच करतेय. फोटो स्वतःच काढलेला, सॉफ्टवेअरवर चार्ट (कुठल्या घरात कुठला रंग, त्याचा तक्ता) करून घेतला, २८० बाय ३५० चौकडी, म्हणजे १४ काउंट आयडावर (इंचाला १४ घरं असलेलं जाळीचं कापड) २० इंच बाय २५ इंच. एकूण फुल्या ९८,०००. तासाला शंभर फुल्या पडतात असं धरलं (माझ्यासारखीच्या पडतात तेवढ्या, त्याही मध्ये कुणी दार वाजवलं नाही तर) तरी ९८० तास होतात. रोज एक तास बसलं तर अडीच वर्षांच्या वर. खऱ्या वाड्याचं काम १७३० साली सुरू झालं आणि १७३२ साली वास्तुशांत झाली, म्हणजे बाजीरावांचा वाडा दोन वर्षांत उभा आणि माझा नुसता दरवाजा त्याहून जास्त वेळ खाणार. नवरा हा हिशोब येईल त्याला सांगतो.

त्यात दगड, विटा, लाकूड, दारावरचे खिळे, सगळं तपकिरी नाहीतर राखाडी, म्हणजे कॉन्फेटी म्हणतात तो प्रकार. या रंगाची एक फुली, शेजारी त्या रंगाची एक, पुन्हा पहिला रंग सात घरं सोडून. आकाशाचा निळा असता तर भराभर ओळी भरल्या असत्या. इथे एका १० बाय १० च्या चौकोनात पंधरा-सोळा शेड येतात.

पूर्वी मी सगळं रिंगवर करायचे. आमच्या आईंनी (सासूबाई) दोसूतीवर अख्खे टेबलक्लॉथ रिंगवर भरलेत, त्यामुळे फ्रेम आली तेव्हा त्यांचा पहिला शेरा, "अगं, एवढ्याशा सुईकामाला हे सुतारकाम कशाला?" छोट्या कामाला त्यांचं बरोबरच आहे. पण मोठ्या कामात रिंग रोज काढावी लागते, नाहीतर कापडावर गोल वळ उठतो तो धुतल्याशिवाय जात नाही, आणि भरलेल्या टाक्यांवरच रिंग दाबली की टाके चपटे होतात. रोज काढा, गुंडाळा, कपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर, पुन्हा लावा, चार्टवर आपण कुठे होतो ते शोधा, चष्मा शोधा. एवढं होईपर्यंत कुकर होतो. मग आज राहू दे, उद्या बघू. माझा आधीचा राधाकृष्ण याच "उद्या"पायी कपाटात वर्षं काढतोय.

फ्रेमचा खरा फायदा मला सुरुवातीला कळलाच नव्हता. मला वाटलेलं दोन्ही हात मोकळे राहतील, एक हात वर एक हात खाली, स्पीड वाढेल. स्पीड थोडा वाढला, नाही असं नाही, पण रिव्ह्यू लिहावा एवढा नाही. फायदा हा की ती हॉलच्या खिडकीपाशी कायम उभी असते. कापड ताणलेलं, सुया ओवलेल्या, मोबाइल स्टँडवर पॅटर्न कीपर (चार्ट बघायचं अ‍ॅप) उघडलेलं, येता-जाता बसता येतं. कामवाल्या मावशी यायच्या आधी पाच मिनिटं, आमटीला उकळी येईपर्यंत चार फुल्या, फक्त हात स्वच्छ धुवा हो, हळदीचा डाग आयडावर पडला की संपलं.

म्हणून मी नियम केला, दिवसाला एक दोरा. जास्त नाहीच. लडी सहा पदरी असते, त्यातला एक पदर मीटरभर काढायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची, पहिल्या टाक्याला मागच्या बाजूच्या फासातून सुई काढली की गाठ नाही काही नाही, दोन पदर आपोआप झाले. तेवढ्यात १४ काउंटला चाळीसेक फुल्या होतात. तो दोरा संपला की उठायची परवानगी. गंमत अशी की बसल्यावर एकावर कुणी थांबत नाही, आणि ज्या दिवशी खरंच अंगात त्राण नसतं त्या दिवशीही चाळीस पडतात. तासांचं टार्गेट ठेवलं होतं तेव्हा एक दिवस चुकला की आठवडा चुकायचा.

दुसरं म्हणजे तंगूस. आयडावर दर दहा घरांनी रेघा आखून घेतल्याशिवाय एवढा मोठा चार्ट हातातच घेऊ नका. पेनने आखलेलं धुवून जातं म्हणतात, पण पाण्याने जाणाऱ्या पेनावर चुकून इस्त्री फिरली तर डाग पक्का बसू शकतो, आणि उष्णतेने जाणारी शाई कडक थंडीत परत दिसते असं आहे, फ्रीजरमध्ये कोण ठेवणार आहे म्हणा, पण अडीच-तीन वर्षांच्या कामावर मी रिस्क घेत नाही. मासेमारीचा लाल तंगूस घेतला, बारीक नंबरचा, त्याने चौकटी शिवल्या. सुई त्याच्या आरपार जात नाही, शेजारून सरकते, त्यामुळे शेवटी एक टोक धरून ओढला की सबंध निघतो. दोऱ्याने आखलं असतं तर तो फुल्यांमध्ये अडकून बसला असता.

फ्रेमकडे परत येते. पहिल्या महिन्यात मी मैत्रिणींच्या ग्रुपवर तीन स्टार म्हणून सांगितलं होतं, कारण वर-खाली ताण बसतो पण डावी-उजवी बाजू मधोमध आत ओढली जाते. ते तक्रारीतून काढून टाका. तो रोलर फ्रेमचा स्वभावच आहे, कुठलीही घ्या. कडेला जाड दोऱ्याने कापड आणि उभी पट्टी यांच्यामध्ये नाडीसारखं ओवून घेतलं की ताण चारी बाजूंनी बसतो, फक्त दांडी गुंडाळताना ते प्रत्येक वेळी सोडावं लागतं. मला दोन-तीन आठवड्यांतून एकदा गुंडाळावं लागतं, चालतंय.

पावसाळ्यात मात्र लाकूड फुगलं. जुलैमध्ये दांडी खाचेत इतकी घट्ट बसली की फिरवायला नवऱ्याला बोलवावं लागायचं, आणि तेव्हाच नॉबवर जोर पडला असणार अशी मला शंका आहे. गणपतीत मखराला जागा हवी म्हणून स्टँड बेडरूममध्ये गेला, तिथे ट्यूबचा उजेड मागून पडतो, त्या दहा दिवसांत दोन तपकिरी शेड्समधला फरकच कळेना. उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा (डावखुऱ्यांना उलट), हे फ्रेमबरोबरच्या कागदावर लिहिलेलं नाही, त्या कागदावर फक्त "हॅपी स्टिचिंग" लिहिलेलंय.

इथपर्यंत मी आधीच लिहून ठेवलं होतं आणि शेवट "घेऊ नका" असा करणार होते. पण मध्ये रविवार पेठेत अँकरच्या लड्या आणायला गेले (चार्ट डीएमसी या दुसऱ्या कंपनीच्या दोऱ्यांच्या नंबरात आहे, मी अँकरमध्ये करतेय, काळ्याला ३१० च्या जागी ४०३ वगैरे ठीक, पण तपकिरींचं नंबर बदलायचं कोष्टक डोळे मिटून वापरू नका, दोन वेगळे नंबर एकाच शेडवर येतात, दुकानात उजेडात शेजारी धरून बघा). तिथून बोहरी आळीत शिरले. एका हार्डवेअरवाल्याकडे पर्समधून तो गेलेला नॉब काढून ठेवला. त्यांनी उचलला, आत डोकावले, एक बोल्ट घालून बघितला आणि म्हणाले, "ताई, याला आत पितळ नाहीये. प्लॅस्टिकमध्येच आटे पाडलेत. किती दिवस टिकणार?" मग एका डब्यातून काळा, पाच पाकळ्यांचा बेकेलाइटचा नॉब काढला, मशिनला लावतात तो, आत पितळी बुश. सहा एमएमचा. चाळीस रुपये. चार घेतले तर दीडशे म्हणाले, मी एकशे चाळीस दिले. वर चार मोठे वॉशर त्यांनी तसेच दिले, म्हणाले लाकडावर थेट आवळू नका, लाकूड खातं.

घरी येऊन लावले. आवळताना बोटांना कळतं, आटा धरतो आणि थांबतो. कापडावर टिचकी मारली तर टणटण वाजलं. आईंनी पण मारून बघितली, म्हणाल्या, "हं, आता ठीक आहे." त्यांच्याकडून हे म्हणजे पाच स्टार.

तर आता माझं मत बदललंय. आहे त्या किमतीत घेऊ नका, दोन हजारांच्या आत सेल लागला तर घ्या, आणि आल्या दिवशीच चारही नॉब काढून एखाद्या हार्डवेअरवाल्याकडे न्या. कंपनीला मी लिहिलंय की बोहरी आळीत पस्तीस-चाळीसला मिळतो तो भाग तुम्ही घाऊक घेतलात तर किती पडेल? उत्तर आलं, "थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल फीडबॅक," आणि खाली पुन्हा तेच कूपन.

ज्यांचं काम १०० बाय १०० च्या आत आहे त्यांनी या भानगडीत पडूच नका, चांगली लाकडी रिंग घ्या, पितळी स्क्रूवाली, लोखंडी स्क्रूचा गंज कापडाला लागतो. फ्लॅटमध्ये जागा नसेल तरी नको, कारण घडी घालून पलंगाखाली सरकवलेली फ्रेम म्हणजे पुन्हा कपाटच झालं.

स्टँडचा मागचा डावा पाय थोडा आखूड आहे, डुगडुगतो. सुताराने दीडशे सांगितले. त्याखाली रविवारच्या पुरवणीची घडी घातलीय, ती दर आठवड्याला फुकट बदलून मिळते.