नव्या घराचा पहिला पावसाळा: स्लॅबवर पत्रा की वॉटरप्रूफिंग?

घर बांधून झालं, सपाट स्लॅब तयार आहे, पाऊस महिन्या-दोन महिन्यांवर आला आहे आणि पैसे एकाच कामापुरते उरले आहेत. गोव्यात नवं घर बांधणारे बरेचजण इथे येऊन अडतात. स्लॅबला वॉटरप्रूफिंग करावं, की लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) उभारून वर पत्र्याचं छप्पर घालावं?

सुटं, एकमजली आणि चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर असेल तर मी छप्पर निवडेन. त्याचं कारण स्लॅबपेक्षा भिंतीत जास्त आहे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून अधिक, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तो सरळही पडत नाही. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा येऊन भिंतीवर आपटतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. नवा गिलावा वाळताना आकसतो आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांतून शिरलेली ओल आतल्या भिंतीवर उमटते आणि चतुर्थीला पाहुणे येतात तेव्हा माटोळीमागचा (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीमागचा) रंग फुगलेला दिसतो. दोष मात्र स्लॅबला दिला जातो. छप्पर भिंतीबाहेर अडीच-तीन फूट काढलं तर पागोळ्या दूर पडतात आणि भिंतीचा वरचा बराच भाग कोरडा राहतो. हे काम कोणतंही कोटिंग करू शकत नाही. घर दुमजली असेल तर हा फायदा वरच्या मजल्यापुरताच, हेही लक्षात घ्या.

छपराखाली कपडे वाळतात, नारळ-लाकडं राहतात आणि स्लॅबवर थेट ऊन न पडल्यामुळे एप्रिल-मेमध्ये खालच्या खोल्या कमी तापतात. पुढे मजला चढवायचा असेल तर पत्रा उतरवून ठेवता येतो.

पण छप्पर बांधण्यातही चूक होते, आणि ती महाग पडते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पत्रे उडाले, झाडं कोसळली. कैचीचे खांब नुसत्या कठड्यात रोवू नयेत. ते स्लॅबखालच्या खांबांच्या किंवा तुळयांच्या रेषेत, काँक्रीटच्या छोट्या ओट्यांवर बोल्टने घट्ट बसवावेत. स्लॅबला थेट भोकं पाडली तर गळतीची वाट आपणच तयार करतो. स्क्रूखालचा रबरी वॉशर काही वर्षांत कडक होतो, तो बदलावा लागतो. आणि कामाला हात घालण्याआधी पंचायत किंवा पालिकेकडे परवानगी व उंचीची मर्यादा विचारा.

मोरजी-कळंगुटसारख्या ठिकाणी, समुद्राच्या अगदी जवळ, माझं मत बदलतं. खारा वारा साधं लोखंड आणि पत्र्याची कापलेली कड लवकर खातो. तिथे गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि ॲल्युमिनियमचा पत्रा परवडत नसेल तर वॉटरप्रूफिंग बरं.

त्यातही दोन वाटा आहेत. विटांच्या तुकड्यांचा कोबा (ते सिमेंटमध्ये बसवून केलेला जाड थर) टिकाऊ असतो, उतारही नीट देता येतो. पण चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतं, म्हणून इंजिनियरला विचारल्याशिवाय तो टाकू नये. पॉलिमर कोटिंग हलकं आणि स्वस्त, मात्र उन्हाने झिजतं आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. कोटिंग करणार असाल तर स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यात सिमेंटची गोलसर कड (तिला वाटा म्हणतात) भरून घ्या, पाइपांभोवती कोटिंगच्या थरात जाळी लावा आणि काम झाल्यावर दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खालून छत तपासा. भिंतींचं काम तरीही वेगळं उरतंच: भेगा भरणं, बाहेरचा रंग, छज्ज्याखाली पाणी तुटण्यासाठी खाच.

पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळ्या हमखास विसरल्या जातात. त्या गंजतात आणि त्यांच्या कडेने पाणी खांबात उतरतं. त्यांवर सिमेंटचा पातळ थर देऊन कमी सिमेंटच्या, नंतर फोडता येईल अशा काँक्रीटने झाका.

स्लॅब नुकताच पडला असेल तर 28 दिवसांचं क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट पक्कं होऊ देणं) होऊन तो पुरता वाळेपर्यंत कोटिंगला हात लावू नका. 2025 मध्ये पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच पोहोचला होता. तशी वेळ आली तर ओल्या स्लॅबवर घाईने कोटिंग मारू नका, ते फुगून सुटतं. अशा वर्षी पन्हळी मोकळ्या ठेवा, पश्चिमेच्या भिंतीवर माडाच्या चुडतांचे झाप किंवा ताडपत्री बांधा आणि खरं काम जानेवारीत काढा.