हवेची सीट आणि फळीतले बोल्ट

माझी गाडी २००६ ची, टाटाचा सोळा-तेरा (१६१३) ट्रक. चेसिस घेतली आणि केबिन बॉडीवाल्याकडून बांधून घेतली, तेव्हा बहुतेक सगळे तेच करायचे. लाकडी चौकट, खाली फळ्या, वर पत्रा. पिंपळगावचा कांदा वाशीला नेतो. गेल्या वर्षी ड्रायव्हर मामांची कंबर इतकी धरली की गाडीतून उतरल्यावर त्यांना सरळ उभं राहता येईना.

हायवेवरच्या एका सीटवाल्याने गळ घातली. "शेठ, नव्या ट्रकची हवेची सीट टाका, खालची हवेची पिशवी धक्के खाते. पट्टा सीटमध्येच आहे, वेगळा बसवायची भानगड नाही. कोरा माल आहे." २६,००० सांगितले, २४,००० ला ठरलं. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीचे वेगळे पडतील म्हणाला. मी तिथेच उठायला हवं होतं. दोन तासांत सीट बसली, मामा खूष झाले.

तीन महिन्यांनी इगतपुरीच्या पुढे एक टेम्पो समोर अचानक थांबला. मामांनी ब्रेक मारला, वेग तीसच्या आसपास होता. पट्टा लावलेला होता आणि तो लॉकही झाला. पण सीटचे मागचे दोन्ही बोल्ट फळी फोडून वर आले आणि मामा सीटसकट स्टिअरिंगवर आदळले. दोन बरगड्यांना तडे गेले. दवाखान्यात म्हणाले, "पट्ट्यानं धरलं हो, पण खालची जमीनच सुटली." ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या फोरमनने मग मला समजावून सांगितलं. पट्ट्याचं वरचं टोक केबिनच्या खांबाला असलं की खांद्याचा झटका खांब घेतो. पट्टा सीटमध्ये असला की माणसाचा आणि सीटचा, दोघांचा झटका सीटच्या पायातून जमिनीत उतरतो. तोही खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे पहार लावल्यासारखे मागचे बोल्ट उपटले जातात. अवजड ट्रकच्या पट्ट्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, तिच्यात खांद्याच्या पट्ट्याला सुमारे ४५० किलोचा ओढा देतात, कमरेच्या पट्ट्याला तेवढाच, शिवाय सीटच्या वजनाच्या ६.६ पट. ४० किलोची सीट धरा, हजार-अकराशे किलोच्या वर जातं. माझ्याकडे ते पेलायला होती एक जुनी फळी आणि नाण्याएवढे वायसर. खाली पट्टी नाही, चॅनेल नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडाही नव्हता, म्हणजे कुठल्या ताकदीचे ते कोणालाच सांगता येईना.

सीटही कोरी नव्हती. फोरमनने पट्टा पूर्ण बाहेर ओढला. टोकाचं शिवलेलं लेबल कापून टाकलेलं. मध्ये हातभर जागेत विणीला लाटा आलेल्या, आणि पट्टा ज्या कडीतून जातो तिच्या प्लास्टिकवर वितळल्यासारखे ओरखडे. अपघातात ताणलेल्या पट्ट्याच्या या खुणा. असा पट्टा पुन्हा वापरायचाच नसतो. म्हणजे कोणीतरी आधी त्या सीटवर बसून आदळलेलं होतं.

आणखी एक गोष्ट ऐकून तर हातपाय गार पडले. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. सीटची हवा त्याच ब्रेकच्या टाकीतून सरळ टी (जोड) मारून घेतली होती, मध्ये ब्रेकची हवा राखणारा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नाही. घाट उतरताना ती नळी फुटली असती तर सीटपाठोपाठ ब्रेकचीही हवा गेली असती.

फोरमनचं म्हणणं साफ होतं: फळ्यांच्या केबिनमध्ये ही सीट बसवूच नका. आता लोखंडी चॅनेलवर साधी सीट आहे, गादी चांगली, आणि पट्टा नवा, वेगळा. तुम्हाला सीटमधल्या पट्ट्याचीच सीट हवी असेल तर आधी गाडीखाली झोपून बघा, बोल्ट कशात गेलेत ते. फिटरला विचारा, त्याला उत्तर देता आलं नाही तर गाडी परत आणा. पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. बिल घ्या. माझे पैसे सीटवाल्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेले होते, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवतानाही मला पुराव्यासाठी फोटो आणि मेसेज गोळा करत बसावं लागलं.

सीटवाला शेवटी १०,००० द्यायला तयार झाला, पण एका अटीवर: सीट परत हवी. मी विचारलं, हिचं काय करणार? म्हणाला, गिऱ्हाईक आहे. मी पैसे घेतले नाहीत. घरी येऊन विळ्याने पट्टा तीन ठिकाणी कापला. सीट गोठ्यात पडून आहे.