गुगल फॉर्मची प्री-फिल्ड लिंक साइटमध्ये बसवून वापरली, मावशीच्या फराळ ऑर्डरसाठी

माझी मावशी कोथरूडला घरून दिवाळीचा फराळ करून विकते, तिच्या छोट्याशा साइटवर ऑर्डरसाठी मी गुगल फॉर्म आयफ्रेममध्ये (म्हणजे पेजच्या आत दुसरं पेज दाखवणाऱ्या चौकटीत) बसवलाय. हा रिव्ह्यू त्यातल्या एकाच सोयीबद्दल आहे, फॉर्म उघडतानाच यूआरएलमधून (वेब पत्त्यातून) उत्तरं भरून देता येतात. चकलीच्या पेजवरून आलात की चकली आधीच निवडलेली, बिबवेवाडीच्या सोसायटीत लावलेल्या पत्रकाचा क्यूआर स्कॅन केलात की पिकअप बिबवेवाडी, मग फक्त नाव, फोन आणि किती किलो एवढंच राहतं.

आधी एका कंपनीचं पैसे भरून घेतलेलं विजेट (साइटवर बसवायचा तयार ऑर्डर फॉर्म) होतं (नाव लिहीत नाही), त्याला बाहेरून काहीच पाठवता यायचं नाही, माणूस चकली बघून आला तरी परत सगळ्या यादीत चकली शोधायची, मग लोक ते सोडून सरळ मावशीला फोन लावायचे आणि तिचे दोन्ही हात पिठात.

फॉर्म एडिट करताना तीन टिंबांच्या मेनूत प्री-फिल्ड लिंकचा पर्याय मिळतो. नमुना उत्तरं भरून लिंक घ्यायची, तिच्यात प्रत्येक प्रश्नासाठी 'एंट्री' आणि एक लांबलचक आकडा दिसतो, ते सगळं आयफ्रेमच्या पत्त्यात जोडायचं, झालं.

पण माझा अख्खा रविवार गेला तो वेगळ्याच गोष्टीत. मला वाटलेलं क्यूआरमधून पेजच्या पत्त्यात पिकअप आलं म्हणजे आतल्या फॉर्मलाही ते कळेल. नाही कळत! आयफ्रेमला बाहेरच्या पेजच्या पत्त्यातले पॅरामीटर (पत्त्याच्या शेवटी जोडलेली माहिती) आपोआप मिळत नाहीत, ते तुम्हीच जावास्क्रिप्टने (पेजमधल्या कोडने) वाचून आयफ्रेमच्या पत्त्यात घालायचे आणि तेही फॉर्म लोड व्हायच्या आधी, कारण नंतर पत्ता बदलला तर फॉर्म नव्याने लोड होतो आणि गिऱ्हाइकाने भरलेलं सगळं पुसलं जातं. घालताना एन्कोड करायला, म्हणजे अक्षरं यूआरएलला चालणाऱ्या %च्या कोडमध्ये बदलायला विसरू नका. मराठी अक्षरं यूआरएलमध्ये फार लांबतात, नुसत्या 'चकली'ची 36 कॅरेक्टर होतात. आणि पर्याय निवडायचा प्रश्न असेल तर मजकूर फॉर्ममधल्या पर्यायाशी तंतोतंत जुळला पाहिजे, माझ्याकडून 'अर्धा किलो'नंतर एक जादा स्पेस पडली होती, तेवढ्याने पर्याय निवडलाच जात नव्हता.

भरून दिलेलं उत्तर गिऱ्हाईक बदलू शकतं आणि यूआरएल तर कुणीही बदलू शकतं, त्यामुळे भाव त्यातून पाठवू नका, आम्ही मावशीच्या यादीवरूनच हिशोब करतो. फोन नंबरही नको, तो ब्राउझरच्या हिस्ट्रीत पडून राहतो.

पत्रकं छापणाऱ्यांना कळकळीने सांगतो, क्यूआरमध्ये थेट फॉर्मची लिंक देऊ नका. प्रश्न डिलीट करून नवीन केला की एंट्रीचा आकडा बदलतो आणि छापलेला क्यूआर काही बदलता येत नाही. आमच्या क्यूआरमध्ये आमच्याच पेजचा पत्ता आणि साधं 'पिकअप' एवढंच आहे, कुठला आकडा जोडायचा ते पेज ठरवतं. यंदा मी फॉर्म पूर्ण नवा केला, पेजमध्ये दोन ओळी बदलल्या आणि बिबवेवाडीच्या लिफ्टमधलं गेल्या वर्षीचं पत्रक अजून तसंच चालतंय.