बाई, ॲप की डीप क्लीनिंगची टीम? घरसफाईला किती वेळ लागायला हवा, याचा हिशेब

मुंबईत घरसफाईला माणूस शोधताना सध्या तीन पर्याय समोर येतात. बिल्डिंगमध्ये आधीच चार घरं धरलेली बाई, फोनवरच्या ॲपवरून तासाच्या बोलीवर येणारी मदतनीस आणि मशीन-शिडी घेऊन येणारी डीप क्लीनिंगची टीम. तिघांचे दर विचारायचे आणि स्वस्त पडेल ते घ्यायचं, ही बहुतेकांची पद्धत. पण हे दर एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. बाई कामाचे पैसे घेते, ॲप वेळेचे घेतं आणि टीम अख्ख्या फ्लॅटचे. तुलना करायची तर तिन्ही तासांत उतरवायला हवेत, आणि त्यासाठी कुठल्या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज आपल्याला हवा.

कशाला किती वेळ

रोजचा केर आणि लादी हे सगळ्यात सरळ माप. साधारण ४०० चौरस फूट कार्पेट एरियाचा वन बीएचके, जमिनीवर फारसा पसारा नाही, तर सराईत हाताला २५ ते ३५ मिनिटं पुरतात. ६५० च्या टू बीएचकेला ४० ते ५०. यात पलंगाखालचं आणि सोफ्यामागचं धरलंय. कुणी टू बीएचके वीस मिनिटांत उरकत असेल तर मधली मोकळी जागाच तेवढी पुसली जातेय. दीड तास लागत असेल तर कामाला आलेल्या माणसाला बोलण्याआधी आपल्या घराकडे बघावं. चपला गोळा करणं, चार्जरच्या वायरी उचलणं, मुलांचे ठोकळे, भिंतीला टेकवलेली गादी, दाराआड रद्दीचे गठ्ठे, यात लादी पुसण्याइतकाच वेळ जातो. गिरगावातल्या चाळीतल्या खच्चून भरलेल्या दोन खोल्या वरळीच्या टॉवरमधल्या मोकळ्याढाकळ्या थ्री बीएचकेच्या तोडीचा वेळ खाऊ शकतात. त्यामुळे फोनवर नुसतं ‘किती स्क्वेअर फूट?’ विचारणारा दर सांगू शकतो, वेळ नाही.

संडास-बाथरूम रोजच्या रोज घासलं जात असेल तर १५-२० मिनिटं. टँकरच्या किंवा बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे थर नळांवर आणि टाइल्सवर बसले असतील तर तेच काम पाऊण तास ते तासाभरावर जातं, कारण लावलेलं औषध आधी मुरू द्यावं लागतं. पंखा शिडीवर चढून नीट पुसायचा तर एकेकाला दहा मिनिटं. स्वयंपाकघर डबे उतरवून, ट्रॉल्या बाहेर ओढून, एक्झॉस्टच्या पात्यांवरचा चिकटा खरवडून करायचं असेल तर एका माणसाचे दोन ते तीन तास सहज जातात. रोज मासे तळले जाणाऱ्या घरात तीन म्हणजे तीनच धरा.

पण सगळ्यात जास्त फसवते ती स्लायडिंग खिडकी. काच दिसायला मोठी, ती दोन मिनिटांत पुसून होते. खरं काम खालच्या खाचेत. रस्त्याची धूळ, शेजारच्या बांधकामाची रेती, कबुतरांची पिसं आणि गेल्या पावसाळ्याचं पाणी यांचा तिथे काळा लगदा झालेला असतो. त्यात पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात, म्हणून जुलैत खाच भरून पाणी आत ओघळतं आणि आपण दोष देतो वॉटरप्रूफिंगला. जाणकार माणूस आधी कोरड्या ब्रशने लगदा सोडवतो, तो व्हॅक्युमने किंवा पत्र्याच्या तुकड्याने उचलतो, भोकं तारेने मोकळी करतो आणि पाण्याचं फडकं सगळ्यात शेवटी फिरवतो. नवखा आधी मगभर पाणी ओततो. मग चिखल कोपऱ्यात जाऊन बसतो आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा घट्ट होतो. दोन झडपांची एक खिडकी दोन्ही बाजूंनी, खाचेसकट, म्हणजे २० ते २५ मिनिटं. टू बीएचकेत अशा पाच असल्या की दोनेक तास गेले. आणि आपण सांगताना काय सांगतो? “जाता जाता खिडक्यापण घ्या हां.”

बाई

रोजच्या कामाला बाईला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा तासाचा हिशेब करून बघा. समजा टू बीएचकेच्या केर-लादीचे महिना १,५०० ठरले. २६ दिवस, रोज ४० मिनिटं, म्हणजे महिन्याचे साधारण सव्वासतरा तास. तासाला ८७ रुपयांच्या आसपास. दिवाळीला एक पगार बोनस धरला की वर्षाचे १९,५००, म्हणजे तासाला ९४. मे महिन्यात ती पंधरा दिवस गावी गेली आणि तुम्ही पगार कापला नाहीत (कापू नयेच), तर शंभरीला टेकलात. तुमच्या भागातला आकडा यात घाला, कारण दर गल्लीगणिक बदलतात. नव्याने राहायला आलेल्या एखाद्याने दोनशे रुपये जास्त कबूल केले की अख्ख्या विंगचा भाव हलतो. वॉचमनला सगळे दर माहीत असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे कमीत कमी दर सांगायची स्पर्धा लागते.

या पैशांत झाडण्या-पुसण्यापलीकडे तुम्हाला मिळते ती तिची घराशी झालेली ओळख. कुठली लादी हलते, कुठल्या खोलीत आजोबा झोपलेले असतात, देवघराजवळ कुठलं फडकं वापरायचं नाही, हे तिला पुन्हा सांगावं लागत नाही.

तिचं घड्याळ मात्र तुमच्या घरापुरतं नसतं. ती एका फेरीत पाच-सहा घरं करते, आणि एका घरी पाणी उशिरा आलं की पुढची सगळी घरं पुढे ढकलली जातात. म्हणून ठरवताना दराच्या आधी एक विचारा: “तुमच्या फेरीत आमचं घर कितवं?” पहिल्या घराला पूर्ण चाळीस मिनिटं मिळतात. साडेबाराच्या पाचव्या घराला तिला आपल्या मुलांच्या शाळा सुटायच्या आत जितकी उरली तितकी. पहिल्या-दुसऱ्या नंबरासाठी शंभर रुपये जास्त द्यायला माझी ना नाही.

दुसरं, केर-लादी म्हणजे फक्त केर आणि लादी.

“मावशी, पंखे राहिले की.”

“ताई, पंखे वरच्या कामात. केर-लादीत कुठं येतात?”

मावशींचं बरोबर आहे. डस्टिंग, जळमटं, ग्रिल, फ्रिजच्या वरचा भाग हे वरचं काम, आणि त्याचे पैसे वेगळे. रोज थोडं थोडं करवून घ्यायला गेलं की कुरबुर सुरू होते. महिन्यातला एक रविवार, दोन तास, वेगळे पैसे, असं ठरवलं तर दोघांनाही सोपं जातं.

खाडे आणि बदली पहिल्याच दिवशी बोलून घ्या. महिन्याला किती सुट्ट्या, आजारी पडली तर बदली कोण, बदलीचे पैसे कोण देणार. बदली म्हणून ती शाळकरी मुलीला पाठवत असेल तर नाही म्हणा, कारण १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. मंडळाकडे तिची नोंद नसेल तर ती करून घ्यायला सांगा आणि ती आपल्याकडे काम करते असं पत्र द्या. पाच मिनिटांचं काम असतं, पण ते कुणी करत नाही.

ॲप

मुंबईत ॲपवरून मदतनीस मागवण्याचा गाजावाजा झाला तो मार्च २०२५ मध्ये. अर्बन कंपनी या घरपोच सेवांच्या ॲपने पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस देणारी सेवा इथे सुरू केली. नाव ‘इन्स्टा मेड्स’, सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. नावावर आणि दरावर इतकी टीका झाली की नाव लगेच ‘इन्स्टा हेल्प’ झालं. आता स्नॅबिटसारखे इतरही या धंद्यात आहेत. बाईशी तुलना करताना पहिल्या बुकिंगचा सवलतीचा दर विसरून जा. तिसऱ्या-चौथ्या बुकिंगला काय आकारतात तो खरा भाव.

इथे तुम्ही वेळ विकत घेता, टॅक्सीचं मीटर पडल्यासारखी. त्यामुळे आधी तयारी करून ठेवायची जबाबदारी तुमची. झाडू, बादली, फडकी, फिनेल एका जागी काढून ठेवा. बहुतेक वेळा सामान तुमचंच वापरलं जातं. पसारा आदल्या रात्री उचला. एका तासात टू बीएचकेचा केर-लादी आणि ओटा होतो. त्यात बाथरूमही कोंबलंत तर तिन्ही अर्धवट राहतील. चढून करायची कामं, जड सामान सरकवणं याला बहुधा नकार असतो, आणि तो असायलाच हवा. नवीन माणसाला नवीन घरात पहिली दहा मिनिटं काय कुठे आहे हे समजण्यातच जातात. दर वेळी वेगळी व्यक्ती आली तर ही दहा मिनिटं तुम्ही दर वेळी मोजता.

शिवाय पंधरा मिनिटांत पोचलेली मदतनीस पुढे गेटवर अडकते. नोंदवही, फोनवरून परवानगी, आणि काही सोसायट्यांमध्ये कामवाल्यांची वेगळी लिफ्ट. ही वेगळ्या लिफ्टची पद्धत अजून चालू आहे याची लाज वाटायला हवी, पण तो वेगळा विषय. तुमच्या खिशाचा मुद्दा एवढाच, की घड्याळ गेटवर सुरू होतं की दारात ओटीपी दिल्यावर, हे बुक करण्याआधी वाचून घ्या.

बाईच्या खाड्याच्या दिवशी, पाहुणे गेल्यानंतर, किंवा चार मुलं मिळून भाड्याने राहतात आणि कुणीच ठरलेल्या वेळी घरात नसतं अशा जागी ॲप उत्तम. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी रोज मी ते सुचवणार नाही. त्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो.

टीम

डीप क्लीनिंगवाल्यांचं कोटेशन आलं की फक्त दोन आकडे विचारा: माणसं किती आणि तास किती. त्यांचा गुणाकार करा. वर दिलेल्या वेळांची राहत्या टू बीएचकेसाठी बेरीज केली तर स्वयंपाकघर तीन तास, दोन बाथरूम दोन, खिडक्या दोन, पंखे पाऊण, आणि ग्रिल, बाल्कनी, दारं, कपाटांच्या बाहेरच्या बाजू, लादी मशीनने घासणं मिळून आणखी चार-पाच. म्हणजे एका माणसाचे बारा-तेरा तास. तिघं जण चार-पाच तास म्हणतायत तर हिशेब जुळतो. दोघं तीन तासांत करतो म्हणाले तर सहाच तास भरतात, अर्धं काम कुठे गेलं ते विचारा. चौघं असूनही दोनच तास म्हणत असतील तरी सावध राहा. बाथरूममध्ये एकच माणूस मावतो, आणि डागावरचं औषध चौघं आले म्हणून लवकर मुरत नाही.

टीमच्या डब्यात काय आहे ते बघायला लाजू नका. कडाप्पा, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फसफसून चकाकी जाते, आणि पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. मुंबईच्या इवल्याशा बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. “साहेब, याने पाच मिनिटांत चमकेल” असं कुणी म्हणालं की आधी बाटली हातात घ्या.

रंगकाम झाल्यावर, नवा फ्लॅट ताब्यात घेतल्यावर किंवा पावसाळ्यानंतर भिंतींना बुरशी आली असेल तेव्हा टीमला पर्याय नाही. हे काम बाईवर ढकलणं अन्याय आहे आणि ॲपच्या तासांत ते बसत नाही. मात्र भर पावसाळ्यात टीम बोलावू नका. काहीच धड वाळत नाही.

झालेलं काम बघताना

घड्याळ हातात धरून मागे मागे फिरू नका. काम संपल्यावर स्विचबोर्ड, दाराची वरची कड, कमोडच्या मागचा बुंधा, नळाचं मूळ आणि पलंगाखालचा पलीकडचा कोपरा एवढं बघितलं की पुरतं. लादीचं पाणी मध्ये एकदा तरी बदललं का, हे बादलीच्या रंगावरून कळतं. क्रमही बघा. अनुभवी माणूस आल्या आल्या संडासात औषध टाकतो, मग वरचं घेतो, मग बाथरूमकडे वळतो आणि लादी शेवटी. लादी आधी पुसून मग पंखा झाडणाऱ्याला तेच काम दोनदा करावं लागतं, आणि तासाच्या बोलीवर ते पैसे तुमचे.

नव्या बाईला पहिले काही दिवस दीडपट वेळ द्या. नंतर पन्नासची चाळीस मिनिटं झाली आणि पलंगाखाली स्वच्छ असेल, तर तो तिचा हात बसला. तिथे धूळ असेल तर बोला, पण पलंगाखालच्या धुळीबद्दल बोला, वाचवलेल्या दहा मिनिटांबद्दल नाही.

नवरा-बायको दोघंही ८.१२ची लोकल पकडणारे असाल तर सकाळच्या पहिल्या नंबराची बाई, खाड्याला ॲप, आणि वर्षातून एकदा टीम, तीही दसऱ्याच्या आधी. घटस्थापना जवळ आली की टीमच्या तारखा भरतात, आणि दसऱ्यानंतर बाईच्या पाचही घरांना एकाच आठवड्यात वरचं काम हवं असतं. तिचा रविवार गणपती उठले की लगेच ठरवून टाका. त्या दिवसाचे पैसे त्याच संध्याकाळी हातात द्या. पगारात मिसळले की पुढच्या वर्षी ते काम पगारातलंच धरलं जातं, आणि मग मावशी रविवारी यायच्या बंद होतात.